यंत्राला ग्रीक येत नव्हतं, तेच बरं झालं: हर्क्युलेनियमच्या जळक्या भेंडोळ्यांचं प्रकरण

पॅरिसच्या आँस्तित्यू द फ्रांस या संस्थेच्या संग्रहात काही काळे ठोकळे जपून ठेवलेले आहेत. लांबी वीतभरही नाही, अंगभर सुरकुत्या, मधेच दबून चपटे झालेले. हे पपायरसवर, म्हणजे एका पाणवनस्पतीच्या पट्ट्यांपासून बनवलेल्या कागदावर, लिहिलेले ग्रंथ आहेत, बहुतेक ग्रीक भाषेतले आणि गुंडाळलेल्या अवस्थेतच कोळसा झालेले. अठराव्या शतकात ते जमिनीखालून निघाले तेव्हा खणणाऱ्यांना ते जळकं लाकूड वाटलं आणि बरेचसे फेकूनही दिले गेले. त्यातल्याच एका भेंडोळ्यातला मजकूर २०२३ साली वाचला गेला. भेंडोळं उघडलं नाही, त्याला कुणाचा हातही लागला नाही.

बातम्यांत मथळे आले ते ‘एआयनं दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ वाचला’ असे. मथळा म्हणून ठीक, पण खोटा. यंत्रानं काहीही वाचलं नाही, आणि ते वाचू शकणार नाही अशी काळजी मुद्दाम घेतलेली होती. या प्रकरणातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट मला तीच वाटते. म्हणून ते जरा तपशिलात सांगतो.

उघडण्याच्या नादात

इ.स. ७९ मध्ये इटलीतला व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि पाँपेईबरोबर हर्क्युलेनियम हे रोमन शहरही गाडलं गेलं. इथे तापलेल्या राखेचे आणि वायूंचे लोट आले. उष्णता प्रचंड, पण राखेच्या आत हवा नाही. त्यामुळे पपायरस पेटला नाही, भाजून त्याचा कोळसा झाला. कोळसा झाला म्हणूनच तो टिकला. इजिप्तच्या कोरड्या वाळूत साधा पपायरस हजारो वर्षं राहतो, इटलीच्या दमट मातीत त्याचा मागमूसही उरला नसता.

१७५० मध्ये विहीर खणताना एका श्रीमंत रोमन हवेलीचा पत्ता लागला. ती वीसेक मीटर खाली होती, त्यामुळे वरून उकरण्याऐवजी स्विस अभियंता कार्ल वेबर याच्या देखरेखीखाली बोगदे खणून आत शिरायचं ठरलं. १७५२ पासून भेंडोळी मिळू लागली. तुकडे धरून अठराशेच्या आसपास नग आज नोंदवलेले आहेत, बहुतेक नेपल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. हवेली ज्यूलियस सीझरच्या सासऱ्याची, पिसोची, असावी असं अभ्यासक मानतात. जे ग्रंथ वाचता आले त्यांत फिलोडेमस या एपिक्युरसपंथी (सुख हेच जीवनाचं ध्येय मानणाऱ्या) तत्त्वज्ञाचं लेखन सर्वाधिक आहे. प्राचीन ग्रीक-रोमन जगातलं एखादं ग्रंथालय जागच्या जागी सापडावं, असं हे एवढंच उदाहरण आहे.

मग सुरू झाली उघडण्याची धडपड. राजाच्या संग्रहालयाचा प्रमुख कामिल्लो पादेर्नी सुरी चालवायचा. भेंडोळं उभं कापायचं, आतला गाभा काढून टाकायचा आणि उरलेल्या अर्ध्या सालीवरचा एकेक पापुद्रा खरवडत वाचत जायचं. वाचून झालेला पापुद्रा पुढचा दिसावा म्हणून नष्टच व्हायचा. कुणी पारा ओतून पाहिला. १७५३ मध्ये व्हॅटिकनहून पाद्री अंतोनियो पियाज्यो आला. त्यानं एक लाकडी सांगाडा बनवला. त्यात भेंडोळं टांगायचं, पाठीला प्राण्याच्या आतड्याची पातळ त्वचा चिकटवायची, तिला रेशमी धागे बांधायचे आणि दिवसाला काही मिलिमीटर, इतक्या धीम्या गतीनं स्वतःच्याच वजनावर ते उलगडू द्यायचं. एका भेंडोळ्याला वर्षं लागत. तरी त्या काळातली ही सर्वांत सभ्य पद्धत, आणि पुढची शंभरेक वर्षं तीच चालली. १८१९ च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही क्लोरिन घेऊन नेपल्सला पोहोचला आणि काही भेंडोळी खर्ची घालून परतला.

याच काळात नेपल्सच्या राजानं काही भेंडोळी नजराणा म्हणून वाटली. सहा नेपोलियनला गेली, काही इंग्लंडच्या युवराजाला. पॅरिसचे ठोकळे आले ते असे.

यातला शेवटचा मोठा प्रयोग १९८० च्या दशकातला आहे आणि पुढच्या गोष्टीसाठी तो महत्त्वाचा आहे. नॉर्वेच्या अभ्यासकांनी जिलेटिन आणि ॲसेटिक आम्ल यांचं मिश्रण वापरून पापुद्रे सोडवण्याची पद्धत काढली होती. पॅरिसच्या सहापैकी दोन भेंडोळी या पद्धतीनं उघडायला नेपल्सला पाठवली. त्यांचे शेकडो तुकडे झाले. ते कुठे, कशाच्या शेजारी बसायचे हे लावणंही मुश्कील. इथून पुढे मात्र सगळ्यांनी हात आखडता घेतला. हर्क्युलेनियमची न उघडलेली भेंडोळी आता न उघडलेलीच राहणार होती.

काजळीवर काजळी

केंटकी विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ ब्रेंट सील्स १९९० च्या दशकात लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत १७३१ च्या आगीत होरपळलेल्या एका जुन्या इंग्रजी हस्तलिखिताचं डिजिटल रूप करण्याच्या कामावर होते. आकसून, सुरकुतून गेलेलं पान संगणकावर सपाट करता येतं, तर गुंडाळलेलं का नाही, हा प्रश्न त्यांना तिथूनच लागला आणि पुढे त्यांनी त्यालाच उभं आयुष्य दिलं.

कल्पना तशी सोपी. दवाखान्यात सीटी स्कॅन होतो तसाच भेंडोळ्याचा क्ष-किरणांनी त्रिमितीय स्कॅन करायचा. त्यात भेंडोळ्याचे आडवे काप दिसतात आणि प्रत्येक कापात पापुद्र्यांची वळणावळणाची रेघ. ती रेघ कापामागून काप पकडत गेलं की पृष्ठभाग मिळतो. तो संगणकात सपाट करायचा आणि त्यावर शाई कुठे आहे ते पाहायचं. सील्स यांनी या सगळ्याला ‘आभासी उलगडणं’ म्हटलं.

हे चालतं, हे एन-गेदीच्या भेंडोळ्यानं सिद्ध केलं. इस्रायलमध्ये मृत समुद्राच्या काठी एका जुन्या सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) अवशेषांत ते १९७० मध्ये मिळालं होतं. जळून गेलेलं, हात लावला तर भुगा होईल असं. स्कॅनवर काम करून सील्स यांच्या गटानं त्यातून हिब्रू बायबलमधल्या लेव्हिटिकसचे पहिले दोन अध्याय बाहेर काढले आणि २०१६ मध्ये शोधनिबंध आला. तिथे एक गोष्ट पथ्यावर पडली होती. कातडं आणि शाई यांची घनता वेगळी होती, त्यामुळे क्ष-किरणांत अक्षरं पांढरीशुभ्र उमटली.

हर्क्युलेनियमला नेमकं इथेच घोडं पेंड खात होतं. तिथली शाई म्हणजे काजळी आणि डिंक. आपल्याकडच्या जुन्या पोथ्या आणि दफ्तरं ज्या शाईनं लिहिली गेली तिचा आधारही काजळच. काजळ म्हणजे कार्बन. आणि जळालेला पपायरस? तोही कार्बनच. क्ष-किरणांना दोघांत फरक दिसण्याचं कारण नव्हतं. २००९ मध्ये सील्स यांनी पॅरिसच्या भेंडोळ्यांचे स्कॅन केले तेव्हा आतली रचना छान दिसली. शाईच्या नावानं शून्य.

२०१९ मध्ये त्यांनी दोन पूर्ण भेंडोळी आणि चार सुटे तुकडे इंग्लंडमधल्या डायमंड लाइट सोर्स या सिंक्रोट्रॉनमध्ये, म्हणजे अतिशय प्रखर क्ष-किरण तयार करणाऱ्या महाकाय यंत्राकडे, नेले. प्रत्येक नगाच्या मापाची पेटी थ्रीडी प्रिंटरवर छापलेली, म्हणजे प्रवासात धक्का लागू नये. भेंडोळ्यांचे स्कॅन मिळाले ते आठेक मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारकाव्याचे. केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरला तर अंदाज यावा. एकाच भेंडोळ्याचे चौदा हजारांवर काप. साध्या डोळ्यांना तरीही शाई दिसेना.

आता ते तुकडे. चारही तुकडे त्या १९८० च्या दशकात मोडलेल्या दोन भेंडोळ्यांचे होते. ते उघडे असल्यामुळे त्यांच्या वरच्या थरावरची शाई अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशातल्या छायाचित्रात स्पष्ट दिसते. हर्क्युलेनियमच्या उघड्या पपायरसांना ही युक्ती लागू पडते, हे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून माहीत होतं. म्हणजे एकाच तुकड्याच्या दोन गोष्टी हाताशी आल्या: क्ष-किरणांचा स्कॅन, ज्यात शाई दिसत नाही, आणि अवरक्त छायाचित्र, ज्यात दिसते. दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसवली की यंत्राला सांगता येतं, ‘बघ, या ठिकाणी शाई आहे आणि या ठिकाणी नाही, तुला स्कॅनमध्ये काही फरक सापडतो का?’ न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय यंत्रणेला, तो सापडला. शाईचा थर पपायरसच्या धाग्यांवर बसून पोत किंचित बदलतो. माणसाच्या नजरेतून निसटणारा हा बदल आकड्यांत मात्र होता.

नॉर्वेच्या प्रयोगात ती दोन भेंडोळी मोडली नसती तर यंत्राला शिकवायला उत्तरपत्रिकाच नसती. त्यामुळे मोडतोड योग्य ठरते असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण मोडलेलं नीट राखून ठेवलं होतं, हे महत्त्वाचं. फुटक्या मूर्ती आणि चुरा झालेल्या पोथ्या ‘आता याचं काय करायचं’ म्हणत कोपऱ्यात टाकणाऱ्यांनी तरी याची नोंद घ्यावी.

बक्षीस

इथवर काम एका प्रयोगशाळेत चाललं होतं, चार-दोन माणसांच्या बळावर. १५ मार्च २०२३ ला ते चव्हाट्यावर आलं. गिटहब या संगणकाचे कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाचे माजी प्रमुख नॅट फ्रीडमन आणि गुंतवणूकदार डॅनियल ग्रॉस यांनी सील्स यांच्यासह ‘व्हेसुव्हियस चॅलेंज’ जाहीर केलं. स्कॅन, सॉफ्टवेअर, सगळं खुलं. वाचून दाखवा आणि बक्षीस घ्या. मोठं बक्षीस ७ लाख डॉलरचं. अट अशी: २०२३ संपण्याआधी न उघडलेल्या भेंडोळ्यातले चार उतारे, प्रत्येकी किमान १४० अक्षरांचे, आणि त्यातली निदान ८५ टक्के अक्षरं लागली पाहिजेत.

बक्षिसांच्या स्पर्धा मला फारशा मानवत नाहीत. हातचं राखून काम करणं हा त्यांचा स्थायीभाव. मोठ्या रकमेवर डोळा ठेवून प्रत्येक जण आपला शोध उशाशी घेऊन झोपणार, हे ठरलेलं. आयोजकांना हे कळत होतं आणि त्यांनी त्यावर तोड काढली. मधे मधे लहान बक्षिसं ठेवली, पण ती घ्यायची तर आपला कोड सगळ्यांसाठी खुला करायचा. त्यामुळे एकानं काढलेलं हत्यार पुढच्या महिन्यात शंभर हातांत. याशिवाय पगार देऊन माणसं ठेवली, ती दिवसभर बसून स्कॅनच्या कापांमध्ये पापुद्र्याची रेघ धरत पृष्ठभाग तयार करत आणि तेही सगळ्यांना खुले करत. या कामाचा गवगवा झाला नाही, पण ते नसतं तर बाकीच्यांना शाई शोधायला पृष्ठभागच मिळाला नसता.

तुकड्यांवरची शाई यंत्राला सापडली होती, पण न उघडलेल्या भेंडोळ्यातला पहिला धागा मिळाला तो यंत्राला नाही, माणसाला. केसी हँडमर हा मूळचा ऑस्ट्रेलियन भौतिकशास्त्रज्ञ. तो सपाट केलेले पृष्ठभाग पडद्यावर घेऊन तासन् तास नुसता बघत बसला. बघता बघता त्याला काही ठिकाणी वेगळा पोत दिसू लागला, वाळलेल्या चिखलाला तडे जातात तसा. ते तडे जोडले की अक्षराचा आकार होत होता. म्हणजे शाई स्कॅनमध्ये दिसतच होती, बघण्याची नजर तयार नव्हती.

लूक फॅरिटर हा नेब्रास्का विद्यापीठातला २१ वर्षांचा विद्यार्थी, तेव्हा स्पेसएक्समध्ये उन्हाळी उमेदवारी करत होता. त्यानं हे तडे हाती घेतले. जिथे तडे स्पष्ट दिसतात तिथे खूण करायची, त्यावर छोटं मॉडेल शिकवायचं, ते नवीन ठिकाणं दाखवेल त्यातली खरी वाटणारी पुन्हा खुणांत मिसळायची आणि पुन्हा शिकवायचं. ऑगस्ट २०२३ मध्ये एका पार्टीत असताना त्यानं फोनवर निकाल उघडला आणि त्यात अक्षरं दिसली. १२ ऑक्टोबरला जाहीर झालं: ‘पोर्फिरास’, म्हणजे जांभळा रंग किंवा जांभळं वस्त्र. फॅरिटरला ४० हजार डॉलर मिळाले. तोच शब्द वेगळ्या वाटेनं आणि अधिक ठळकपणे काढणाऱ्या युसेफ नादरला १० हजार. नादर हा बर्लिनमध्ये पीएचडी करणारा इजिप्शियन विद्यार्थी. पपायरसच्या मूळ देशातला माणूस या कामात असणं मला उगाचच बरं वाटलं.

पुढे नादर, फॅरिटर आणि झुरिकचा युलियान शिलिगर एकत्र आले. शिलिगरनं पृष्ठभाग आपोआप शोधणारं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. ५ फेब्रुवारी २०२४ ला मोठं बक्षीस या तिघांना जाहीर झालं. मजकुराच्या १५ स्तंभांतली (रकान्यांतली) दोन हजारांवर अक्षरं लागली होती. पूर्ण भेंडोळ्याचा हा जेमतेम ५ टक्के भाग.

मजकूर सुखाविषयी आहे. संगीत येतं, खाणं येतं, आणि लेखक विचारतो की जी वस्तू दुर्मिळ ती विपुल असणाऱ्या वस्तूपेक्षा अधिक सुखाची असते का. खाण्याच्या बाबतीत तरी आपण तसं लगेच मानत नाही, असं तो म्हणतो. शेवटी विरोधकांना टोला आहे: सुखाविषयी त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. लेखक बहुधा फिलोडेमसच.

अडाणी ठेवलेलं यंत्र

एवढं झाल्यावर एक सरळ शंका येते, आणि यायलाच हवी. यंत्रानं ही अक्षरं ‘पाहिली’ की ‘रचली’? आजची भाषा-मॉडेल्स काय करतात ते आपण रोज बघतो. तुटका मजकूर द्या, ती जोडून देतात, अगदी पटेल असा. ग्रीक येणाऱ्या मॉडेलला भेंडोळ्याचा स्कॅन दिला असता तर त्यानं फिलोडेमसच्या तोंडी काहीही घातलं असतं आणि ते व्याकरणशुद्ध असतं.

इथे यंत्राला ग्रीक येत नव्हतं. शब्द सोडाच, अक्षरही येत नव्हतं. जिंकलेल्या मॉडेलला एका वेळी दाखवला जाणारा चौकोन साधारण अर्ध्या मिलिमीटरचा होता आणि हर्क्युलेनियमच्या हस्ताक्षरातलं अक्षर त्याच्या कित्येक पट मोठं. त्या झरोक्यातून यंत्राला आल्फाही दिसत नाही आणि ओमेगाही. त्याला दिसतो पपायरसचा एक कण आणि त्यानं इतकंच सांगायचं असतं की इथे शाई असण्याची शक्यता किती. असे लाखो कण शेजारी मांडले की त्यातून अक्षर उभं राहतं. ते अक्षर यंत्राला माहीत नसल्यामुळे ते त्यानं बनवलेलं असण्याची सोयच नाही. शिवाय विजेत्यांनी वेगवेगळ्या रचनेची तीन मॉडेल्स चालवून पाहिली आणि तिन्हींमधून तीच अक्षरं निघाली.

वाचणं माणसांनी केलं. नेपल्सच्या फेदेरिका निकोलार्दी, मिशिगनचे रिचर्ड जँको, ब्रिस्टलचे रॉबर्ट फाउलर यांच्यासारख्या पपायरसतज्ज्ञांच्या मंडळानं प्रवेशिकांमधल्या प्रतिमा अक्षर-अक्षर लावून पाहिल्या. या लोकांची एक जुनी शिस्त आहे. शंकास्पद अक्षराखाली टिंब द्यायचं, गेलेलं अक्षर तर्कानं भरलं तर ते चौकटी कंसात घालायचं. छापील पानावरही डोळ्यांनी पाहिलेलं आणि डोक्यानं भरलेलं वेगळं दिसलं पाहिजे. यंत्र फक्त पाहणार, माणूस फक्त कंसात भरणार, अशी ही वाटणी होती. मधली भिंत कुणी पाडली नाही.

एका बाजूनं मात्र धोका राहतोच, आणि त्याची चर्चा बाहेर फार होत नाही. शाईच्या बाबतीत यंत्र अडाणी आहे, पण पृष्ठभागाच्या बाबतीत ते चुकू शकतं. भेंडोळं दाबलं गेलेलं असतं. कित्येक ठिकाणी दोन पापुद्रे एकमेकांत असे मिसळतात की कापामध्ये एकच रेघ दिसते. ती धरून पुढे जाताना सॉफ्टवेअर नकळत शेजारच्या पापुद्र्यावर उडी मारतं. मग अर्धी ओळ एका स्तंभातली आणि अर्धी पुढच्या वेढ्यातली. अक्षरं सगळी खरी, वाक्य खोटं! इथे पपायरसच मदतीला येतो. त्याच्या पट्ट्या आडव्या-उभ्या दोन थरांत बसवलेल्या असतात आणि धाग्यांच्या रेघा स्कॅनमध्ये दिसतात. उडी पडली त्या जागी धागे तुटतात. ते तपासायला धीर लागतो आणि शेवटी ते माणसाच्या नजरेवरच येतं.

हे वाचताना मला वारंवार मोडी आठवत होती. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल बांधून ठेवलेले आहेत. कागद कोट्यवधी आणि ते सराईतपणे वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. यंत्राची मदत घेतल्याशिवाय ते वाचून होणार नाहीत हे उघड आहे, आणि प्रयत्न सुरूही झाले आहेत. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडी पानाच्या प्रतिमेवरून थेट देवनागरी मजकूर देणारं मॉडेल मांडलं आहे. काम मोलाचंच आहे. पण इथे यंत्र अडाणी ठेवता येत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत. वाचणारा संदर्भानं वाचतो, म्हणजे त्याला मराठी यावीच लागते. यंत्रालाही यावी लागणार. आणि मराठी आली की ‘राजश्रिया विराजित राजमान्य राजश्री’ इतकं दिसल्यावर पुढचं ‘गोसावी यासी’ ते कागद फाटलेला असला तरी लिहून मोकळं होईल. मायन्यापुरतं हे चालून जाईल. कसरीनं खाल्लेल्या जागी गावाचं नाव, वतनाची हद्द किंवा कर्जाचा आकडा असेल तर?

म्हणून मोडीच्या अशा कुठल्याही प्रकल्पाला मी पहिला प्रश्न विचारेन तो अचूकतेच्या टक्क्यांचा नाही. जिथे कागदच नाही तिथे यंत्र काय छापतं, ते दाखवा. मुद्दाम तुकडा झाकून तेच पान पुन्हा द्या. रिकामी जागा सोडली तर पुढे बोलू. इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या काळापासून छापलेल्या इतिहासाच्या साधनांत फाटलेल्या जागी टिंबं सोडण्याची पद्धत आहे. यंत्रानं तितकं तरी पाळावं.

त्यानंतर

हर्क्युलेनियमचं काम २०२४ नंतर थांबलं नाही, पण वाटलं होतं तसं सुसाटही सुटलं नाही. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातलं एक भेंडोळं २०२४ च्या जुलैत डायमंडमध्ये स्कॅन झालं. त्याची शाई स्कॅनमध्ये चक्क दिसते. तिच्यात काही जड घटक असावा असा अंदाज आहे. मे २०२५ मध्ये त्याच्या आतल्या टोकाजवळचं शीर्षक वाचलं गेलं: फिलोडेमसचा दुर्गुणांविषयीचा ग्रंथ. जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठाच्या मार्सेल रोथ आणि मिखा नोवाक यांना त्यासाठी ६० हजार डॉलर मिळाले. न उघडलेल्या भेंडोळ्याचं नाव कळण्याची ही पहिलीच वेळ.

नेपल्समध्ये दुसऱ्या वाटेनंही काम चालू आहे. पूर्वीच उघडलेल्या पपायरसांवर वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश टाकून ग्रात्सियानो रानोक्किया यांच्या गटानं प्लेटोच्या अकादमीच्या इतिहासाचा मजकूर पूर्वीपेक्षा बराच अधिक लावला आहे आणि प्लेटोला अकादमीच्या आवारात कुठे पुरलं असावं याचा उल्लेखही त्यात मिळाला. पियाज्योच्या सांगाड्यावर उलगडलेली पानं अजून दमलेली नाहीत, असं म्हणायचं.

२०२४ साठी ठेवलेलं २ लाख डॉलरचं मोठं बक्षीस मात्र कुणालाच मिळालं नाही. चार भेंडोळ्यांतला प्रत्येकी ९० टक्के मजकूर वाचून दाखवायचा होता. एका भेंडोळ्याच्या शाईवर शिकलेलं मॉडेल दुसऱ्या भेंडोळ्यावर तसंच चालत नाही, कारण लेखनिक वेगळा, शाई वेगळी, भाजणं वेगळं. आणि जिथे पापुद्रे दाबून एकजीव झाले आहेत तिथे अजूनही कुणीतरी पडद्यासमोर बसून काप-काप पुढे सरकत रेघ हातानंच धरतं.